अनुभव धागा : कुंडीतला जिवंत ख्रिसमस ट्री

नाताळ तोंडावर आलाय. सातारा-सांगली भागात प्लॅस्टिकच्या झाडाऐवजी कुंडीतलं खरं झाड सजवणाऱ्यांनी इथे लिहावं. कोणतं झाड घ्यायचं, नर्सरीत काय बघायचं, सजावट कशी करायची आणि जानेवारीत त्याचं काय करायचं? 'छान दिसतं' एवढ्यावर थांबू नका, मापं आणि कारणंही द्या.

विश्रामबाग, सांगली

आपल्याकडे नर्सरीत 'ख्रिसमस ट्री' मागितलं की अरोकेरिया पुढे येतो. नाव नॉरफोक आयलंड पाइन सांगतात, पण बऱ्याचदा तो त्याच कुळातला कुक पाइन असतो. घरातल्या देखभालीत फारसा फरक नाही, त्यामुळे त्यावर वेळ घालवू नका.

पहिली नजर शेंड्यावर टाका. मधला उभा शेंडा मोडला असेल तर झाड घेऊ नका, कितीही स्वस्त मिळालं तरी. तो मोडल्यावर झाड जगतं, पण त्याचा सरळ, निमुळता आकार बिघडतो. मग खालच्या फांद्या बघा. अरोकेरियाच्या फांद्या मजल्यामजल्याने येतात आणि खालचा मजला एकदा गळला की तिथे पुन्हा फांदी फुटत नाही. दोन मजल्यांत फार अंतर असेल तर झाड सावलीत ओढलं गेलंय असं समजा. अशी फांदी लवचिक असते आणि सजावटीचं वजन पेलत नाही.

शेवटी पिशवीत डोकवा. झाड भरगच्च दिसावं म्हणून एकाच पिशवीत तीन-चार रोपं लावलेली असतात. ती वेगळी करायला जाऊ नका, मुळं तुटतात. एकच खोड असलेलं अडीच-तीन फुटी झाड उत्तम. खोड हलकेच हलवून पाहा. मातीच्या गोळ्यासकट हललं तर मुळं धरलेली आहेत, नुसतं खोडच डुगडुगलं तर राहू द्या.

वाई

खरेदी नोव्हेंबरअखेर करा, 23 डिसेंबरला नको. नर्सरीच्या शेडनेटमधून (सावलीच्या जाळीखालून) थेट बंद खोलीत आणलं की टोकं तपकिरी पडतात. आधी आठवडाभर अंगणात, मग व्हरांड्यात, मग घरात, असं टप्प्याटप्प्याने आत घ्या. डिसेंबरात कुंडी बदलू नका. अरोकेरियाला मुळांना धक्का लागलेला खपत नाही, आणि थंडीत नवी मुळंही हळू धरतात. प्लॅस्टिकची कुंडी ओंगळ दिसत असेल तर तशीच वेताच्या टोपलीत किंवा पितळी घंगाळात ठेवा. तळाशी दोन विटा घाला, म्हणजे निथळलेलं पाणी मुळांशी साचणार नाही.

मिरज

वाईच्या ताईंनी कुंडीबद्दल लिहिलंय ते योग्यच. माती मात्र आमच्या भागातला खरा प्रश्न आहे. नदीकाठची काळी माती कुंडीत भरली की पाणी धरून ठेवते, मुळं गुदमरतात आणि झाड खालून पिवळं पडत जातं. लोकांना वाटतं पाणी कमी पडलं, म्हणून ते आणखी घालतात आणि तिथेच झाड जातं. जून-जुलैत कुंडी बदलताना चार भाग लाल माती, तीन भाग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), दोन भाग चांगलं कुजलेलं शेणखत, एक भाग जाड वाळू आणि वर मूठभर निंबोळी पेंड असं मिश्रण करा. तीन फुटी झाडाला 12 इंची कुंडी पुरते.

दुसरी गोष्ट बोअरच्या पाण्याची. कुंडीच्या काठावर पांढरी पापडी दिसली की क्षार साचलेत. पानांची टोकं करपण्यामागे बऱ्याचदा तेच असतं. नळाचं किंवा साठवलेलं पावसाचं पाणी वापरा, आणि अधूनमधून कुंडी बाहेर नेऊन पाणी खालून भरपूर वाहून जाईपर्यंत घाला.

कराड

गळीत हंगामात उसाचं पाचट पेटवलं की काळी राख उडून गच्चीवरच्या झाडांवर बसते. झाड आत घेण्याआधी सकाळी बारीक फवाऱ्याने धुऊन काढा, फांदीची खालची बाजूही. त्याच वेळी फांद्यांच्या बेचक्यात पांढरा कापसासारखा पिठ्या ढेकूण किंवा बारीक जाळी करणारा लाल कोळी आहे का पाहा. असेल तर लिटरभर पाण्यात 5 मिली निंबोळी तेल आणि थोडा द्रवरूप साबण मिसळून संध्याकाळी फवारा. कोरड्या खोलीत लाल कोळी झपाट्याने वाढतो.

सदर बाजार, सातारा

सजावटीबद्दल सविस्तर लिहितो, कारण झाडाचं नुकसान बहुतेक इथेच होतं.

आधी दिवे, मग बाकी सगळं. तीन फुटी झाडाला पाच मीटरची एलईडी माळ पुरे. जुन्या बारीक बल्बच्या माळा तापतात, त्या नकोत. प्लगचं टोक खाली ठेवून खोडापासून सुरुवात करा; प्रत्येक फांदीवर माळ आतून बाहेर नेऊन परत आत आणा. नुसती बाहेरून गुंडाळली तर फांद्या आवळल्या जातात आणि झाड सपाट दिसतं. एक्स्टेन्शन बोर्ड जमिनीवर, कुंडीच्या ताटलीजवळ ठेवू नका. पाणी घालताना स्विच बंद.

अरोकेरियाची फांदी नाजूक असते. काचेचे गोळे टाळा. कागदी चांदण्या, फेल्टचे तुकडे, पोकळ प्लॅस्टिकचे छोटे गोळे लावा. अडकवल्यावर फांदी बोटभरापेक्षा जास्त वाकली तर ती वस्तू खोडाकडे सरकवा. बांधायला तार नको, सुती दोरा सैल बांधा. वरचा तारा शेंड्यावर कधीच खोचू नका. खोडामागे मातीत बांबूची काडी रोवा आणि तारा तिच्या टोकाला बांधा, समोरून काडी दिसत नाही.

बर्फाचा स्प्रे आणि चकाकीची पूड पानांवर चिकटून बसते, धुतली तरी निघत नाही. कापूसही नको, तो ओल धरतो आणि मेणबत्तीजवळ चटकन पेटतो.

तासगाव

ज्यांना वजनदार सजावट हवी त्यांनी मोरपंखी घ्यावी. तिच्या फांद्या दाट असतात आणि ती इकडच्या उन्हाळ्यातही टिकते. तिला भरपूर ऊन लागतं, म्हणून फक्त 24 आणि 25 डिसेंबरला आत ठेवा. आतल्या बाजूची जुनी पानं तपकिरी होणं नेहमीचं आहे. हलक्या हाताने झाडून काढली की पुरे.

शेताच्या बांधावर सुरूचं झाड असेल तर छाटणीत निघालेली फांदीही चालते. बुंधा पुन्हा दोन सेंटिमीटर कापून लगेच पाण्याच्या बादलीत ठेवा, आधाराला खडी भरा. पाणी रोज बघा. सुया गळू लागल्या की फांदी बाहेर काढा. वाळलेली सुरू फार लवकर पेट घेते.

वाई

तासगावच्या दादांना दुजोरा. अरोकेरिया मात्र पूर्वेच्या खिडकीजवळ आठ-दहा दिवस सहज राहतो. 6 जानेवारीपर्यंत सजावट ठेवायची असेल तर मधले दोन-तीन दिवस कुंडी व्हरांड्यात न्या. माती वरून इंचभर कोरडी झाली की पाणी घाला आणि ताटलीतलं ओतून टाका.

विश्रामबाग, सांगली

बाहेर काढताना थेट गच्चीच्या उन्हात ठेवू नका, पानं भाजतात. आधी पंधरवडाभर सावली, मग सकाळचं ऊन. मार्च ते मेमध्ये 50 टक्के शेडनेट. दर आठवड्याला कुंडी पाव फेरा फिरवा, नाहीतर झाड उजेडाकडे झुकतं. खत नवी पालवी दिसल्यावरच.

जमिनीत लावायचा विचार असेल तर भिंत आणि विजेच्या तारांपासून किमान 30 फूट दूर लावा. त्याच्या मूळ प्रदेशात हे झाड 50 मीटरपर्यंत जातं.