मिनीडीव्ही कॅमेऱ्याची घरघर आजीच्या आवाजातून कशी काढू?

मंडळी, मदत हवी आहे.

२००६ साली नाशिकला पंचवटीतल्या आमच्या वाड्यात आजीला समोर बसवून १९६९च्या पुराची हकीकत मिनीडीव्हीवर (छोट्या टेपच्या व्हिडिओ कॅमेऱ्यावर) घेतली होती. माईक कॅमेऱ्याचाच. परवा टेपा कॉम्प्युटरवर उतरवल्या. चित्र ठीक, आवाजात मात्र सतत घरघर. पंखा तेव्हा मुद्दाम बंद ठेवला होता, म्हणजे ती कॅमेऱ्याचीच.

आजी बोलते तेव्हा घरघर दबते, थांबली की वर येते. आणि आजी थांबते फार! "पाणी दुतोंड्या मारुतीच्या कमरेला लागलं..." (गोदेकाठची मूर्ती, पूर किती चढला ते तिच्यावरून मोजतात) म्हणून पानाला चुना लावायला घेते, की इकडे पिठाची गिरणी सुरू.

ऑडॅसिटीत (आवाज सुधारायचं सॉफ्टवेअर) अशाच एका थांब्यावरून नॉइज प्रोफाइल, म्हणजे नुसत्या घरघरीचा नमुना घेतला, आणि २४ डेसिबलने नॉइज रिडक्शन लावलं. घरघर गेली, पण आजी रांजणात तोंड घालून बोलतेय असं वाटतं. काय चुकलं? पुढच्या महिन्यात आत्याकडून राहिलेलं घ्यायचंय, कॅमेरा हाच.

प्रतिसाद

ही ऑटो गेनची करामत. शांतता झाली की कॅमेरा माईकची पातळी आपणहून वाढवतो. तुम्ही प्रोफाइल घेतलं घरघर सर्वांत जोरात असतानाचं आणि लावलं सगळ्या टेपला. बोलण्याखाली ती मुळात कमी, मग आवाजच खरवडला गेला. ६ ते ९ डेसिबलवर थांबा. थांब्यांची पातळी हाताने खाली घ्या, पण शून्य नको, तिथे भोक पडल्यासारखं वाटतं.

त्याआधी स्पेक्ट्रम बघा, म्हणजे कुठल्या हर्ट्झला किती आवाज आहे त्याचा आलेख. मिनीडीव्हीचा ड्रम (टेपवर लिहिणारा फिरता भाग) मिनिटाला ९००० फेरे घेतो, सेकंदाला १५०. १५०, ३०० हर्ट्झला सुळके दिसले तर तिथे अगदी अरुंद नॉच फिल्टर (तेवढाच सूर कापणारा) लावा. आणि हे सगळं कॉपीवर!

आत्याकडे माईक इनपुटला कॉलर माईक लावा, कॅमेरा लांब ट्रायपॉडवर. इनपुट नसेल तर मोबाइल आत्याजवळ ठेवून त्यावर आवाज घ्या, सुरुवातीला एक टाळी वाजवा म्हणजे नंतर जुळवता येईल. मेनूत ऑडिओ १२ बिटवर असेल तर १६ करा.

धागाकर्ता

३००ला सुळका सापडला! नॉच आणि ८ डेसिबल. थोडी घरघर आहे, पण आजी रांजणातून बाहेर आली. माईक इनपुटही निघालं, रबरी झाकणाखाली. पण आत्याला कॉलर कुठून आणू? पदर सारखा डोक्यावर घेते.

प्रतिसाद

पदराला लावूच नका, नुसती सळसळ येईल. ब्लाउजच्या गळ्याशी लावा, आणि मंगळसूत्र आपटत नाही ना ते हेडफोन लावून आधी ऐका.