अनुभव धागा: टुऑलमीचा ग्रॅनाइट, चढलेल्यांनी लिहा

बर्फ हटून टायोगा रोड उघडला की कॅलिफोर्नियातल्या बे एरियातले (सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपासचे) बरेच क्लायंबर टुऑलमी मेडोजला जातात. योसेमिटी नॅशनल पार्कमध्येच, पण प्रसिद्ध योसेमिटी व्हॅलीपासून लांब, २६०० मीटरवर. व्हॅलीतल्या एल कॅप या उभ्या कड्याबद्दल खूप वाचलंय, मला या वरच्या डोम्सबद्दल (घुमटासारख्या कातळांबद्दल) वाचायचंय.

सुरुवात मीच करते. टेनाया लेकच्या काठावरचा स्टेटली प्लेझर डोम. हिमनदीनं घासून काही पट्टे असे गुळगुळीत केलेत की ऊन पडलं की डोळे दिपतात, आणि तिथं शूज अजिबात धरत नाही. शेजारच्या खरबरीत कातळावर पाय ठेवायचा, टाच खाली सोडायची आणि अंग बाहेर ठेवायचं, हाताला धरायला काहीच नसतं. भीतीनं कातळाला चिकटलं की पायावरचा भार जातो आणि पाय सुटतो. हे खालून बिले देणारा (दोर सांभाळणारा जोडीदार) दहादा सांगतो पण पायाला पटायला दोन पिच (दोराच्या एकेका लांबीचे टप्पे) जातात!

*

मी सह्याद्रीतले डांग्या सुळका, तैलबैला करून इकडे आलो. आपल्याकडे होल्ड (धरायचा दगड) आधी ठोकून बघायचा, पोकळ वाजला तर सोडायचा, वर घसारा आणि गवत. इथं पहिला दिवसभर मी ठोकतच होतो, सगळं घट्ट. आपला बेसॉल्ट म्हणजे वर येऊन थिजलेला लाव्हा, हा ग्रॅनाइट जमिनीखाली खोल सावकाश थंड झाला म्हणून स्फटिक मोठे झाले. कॅथेड्रल पीकच्या बाजूला काडेपेटीएवढे फेल्डस्पार या खनिजाचे स्फटिक कातळातून बाहेर आलेत, त्यावर चक्क उभं राहता येतं. क्रॅकमध्ये (कातळातल्या भेगेत) मात्र हेच स्फटिक हाताची सालं काढतात, हँड जॅम करायचे (हात भेगेत अडकवून चढायचं) असेल तर आधी टेप लावा.

*

वरच्या दोघांना +१. कॅथेड्रल पीकला जाणार असाल तर पहाटे निघा. १८६९ मध्ये निसर्गलेखक जॉन म्युर एकटा चढला होता तो हाच, माथ्यावर जेमतेम चारपाच माणसं मावतात. उन्हाळ्यात दुपारी ढग भरून येतात आणि वीज थेट अशा टोकांवर पडते. आम्ही माथ्याखाली दोन पिचवर होतो, दक्षिणेला काळं दिसलं, सोबतची मैत्रीण म्हणाली उतरूया, लगेच रॅपल लावलं (दोरावरून खाली उतरलो). अर्ध्या तासात गारा सुरू. ती बोलली नसती तर काय झालं असतं याचा विचार अजून येतो, अशी जोडीदार मिळणं मोठी गोष्ट आहे.

*

इथल्या ग्रेडबद्दल (चढाईच्या अवघडपणाच्या आकड्यांबद्दल) कुणी सांगेल का? क्लायंबिंग जिममध्ये ५.१० (म्हणजे ५.९ च्या वरचा) लीड करते, दोर घेऊन पुढे मीच चढते, ५.८ चा स्लॅब (तिरपा, गुळगुळीत कातळ) जमेल ना?

*

@ताई, आधी सेकंड करा, म्हणजे दुसऱ्याच्या मागून वरच्या दोरावर चढा. जुने रूट खालून चढत, स्लॅबवर उभं राहून हातानं ड्रिल मारत बोल्ट (दोर अडकवायच्या खिळ्या) केलेत, त्यामुळे दोन बोल्टमधलं अंतर खूप असतं. ५.८ जमेलच, पण शेवटचा बोल्ट पार खाली राहिलेला असताना जमायला हवा. आणि खाण्याचं सामान, टूथपेस्टसुद्धा, गाडीत ठेवू नका, अस्वलं येतात, लोखंडी फूड लॉकर आहेत त्यात टाका.