जागलीचा ब्लूटूथ स्पीकर: वॅट पाहून घ्याचा का बोल ऐकून?

कास्तकार_पांढरकवडा
राजेहो, हरभऱ्याले घाटे धरले का रोही (नीलगाय) अन् डुकरं झोपू देत नाई, रातभर जागली म्हणजे पिकाची राखण करा लागते, हे काही तुमाले नवं नाई. आमच्या शिवारात आता बरेच जण मोबाईलात कुत्र्याचं भुंकणं नाईतर माणसाचं हाकलणं भरून स्पीकरवर लावून ठेवतात. मी बी मागच्या साली अठराशे टाकून एक घेतला, डब्यावर मोठ्या अक्षरात ४० वॅट. घरी लावला तर फडताळातले भांडे वाजत. वावरात नेला तर साठ-सत्तर पावलांवर नुसतं धुम धुम, कुत्रं आहे का ढोलकी तेच समजेना. फोन खिशात घेऊन मचाणावरून धुऱ्याकडे (बांधाकडे) गेलो का आवाज तुटे. अन् सगळ्यात वाईट म्हणजे भुंकण्याच्या मधात मी दहा-दहा मिनिटं शांत ठेवलं होतं, तेवढ्या शांततेत स्पीकर आपल्यानंच बंद पडे. सकाळी पायतो तर नाल्याकडची चार तासं (पिकाच्या ओळी) साफ, घाटे तर घाटे, शेंडे बी नाई ठेवले.

म्हणून माझं म्हणणं आहे का वॅटच्या आकड्याच्या मागं लागू नका. मेमरी कार्ड लागणारा अन् बोल साफ काढणारा घ्या, फोन आपल्याजवळ राहू द्या. यंदा दोन हजाराच्या आत तसाच घेतो. पटत नसन तर सांगा.

दारव्हा_रोड
मले नाई पटत भाऊ. लहान डब्बीत आवाज येईनच कुठून? सरळ बारा इंची ट्रॉली स्पीकर घ्या, चाकं असतात, दोन माईक येतात, पेनड्राईव्ह लागते, कार्ड लागते, एफएम चालते. आमच्या भजन मंडळानं पैसे जमवून घेतला, तोच बारशाले, तोच प्रार्थनेले, तोच वावरात बी नेतो आम्ही बंडीवर टाकून. एकट्यानं दोन हजार घालून वर्षभरात फेकण्यापरीस चौघांनी मिळून एक मोठा घेतलेला बरा.

वायरमन_वर्धा
दोघंही थांबा जरा, मी स्पीकर, मिक्सर, फवारणी पंप सगळं दुरुस्त करतो, रोज पोटात हात घालतो म्हणून बोलतो. डब्यावरचे ४० वॅट बहुतेक वेळा पीएमपीओ असतात, म्हणजे क्षणभर किती उसळी मारन तो आकडा. पाहायचा तो आरएमएस, सलग किती वाजन तो. आणि मोकळ्या रानात अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबलनं पडतो, वॅट दुप्पट केले तर फक्त ३ डेसिबल वाढतो. म्हणजे तेवढाच आवाज दुप्पट लांब न्याचा तर वॅट चौपट लागतात. छोट्या स्पीकरमध्ये बरीच ताकद बेस काढण्यात जाते, भुंकण्याचा जो टोकदार भाग असतो तो मागं राहतो, म्हणून कास्तकार भाऊंना धुम धुम ऐकू आलं.

दारव्हा भाऊ, तुमच्या ट्रॉलीत बहुतेक लेड अॅसिड बॅटरी असन. ती उतरलेली तशीच महिनाभर कोपऱ्यात राहिली की गेली समजा, माझ्याकडे अशा चार पडल्या आहेत.

माझं मत विचारान तर जागलीले ब्लूटूथ स्पीकर हे औजारच नाही. भोंगा लावा. लहान १२ व्होल्टचा अॅम्प्लिफायर घ्या, ज्यात ब्लूटूथ आणि कार्ड दोन्ही असतं, आणि त्याले फवारणी पंपाची बॅटरी जोडा. हिशेब करा, पंपाची १२ व्होल्ट ८ अॅम्पिअर-तासाची बॅटरी म्हणजे ९६ वॅट-तास. स्पीकरात २००० एमएएचचा एक सेल असन तर ३.७ व्होल्टच्या हिशेबानं ७.४ वॅट-तास. डब्यावर बारा तास लिहितात ते मध्यम आवाजाचे, फुल्ल केल्यावर नाही.

कास्तकार_पांढरकवडा
हिशेब पटला भाऊ, पण भोंगा नाई लावत. माझं वावर गावाले लागून आहे, पलीकडच्या पहिल्या घरात म्हातारी आजारी आहे. रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाऊडस्पीकर चालत नाई हा २००० सालचा नियम आहे, अन् नियम नसता तरी मी लावला नसता. मले सगळं शिवार जागवाचं नाई, नाल्याकडच्या कोपऱ्यातून जनावर आत आलं नाई पायजे एवढंच पायजे. स्पीकर तिथंच नेऊन ठेवाचा, मी मचाणावर. म्हणून तर कार्ड म्हणतो.

अकोटची_लेक
दादा, मला तुमचं कार्डाचं पटत नाही. कार्डवाल्या स्पीकरला मागे ती खाच उघडी असते नाहीतर रबराचं झाकण असतं जे चार महिन्यात सैल होतं. आमच्याकडे सोयाबीन काढताना मळणी यंत्राजवळ ठेवला होता, भुसा आत गेला आणि खरखर सुरू झाली, दुकानदार म्हणाला याचे पार्ट मिळत नाहीत. मग मी जेबीएलचा गो ३ घेतला. ४.२ वॅटच आहे, बॅटरी ५ तास, दारव्हा रोडवाले हसतील, पण तो आयपी ६७ आहे, आयपी म्हणजे धूळ-पाण्यापासून बचावाचा दर्जा, पहिला ६ म्हणजे धूळ आत जात नाही आणि ७ म्हणजे १ मीटर पाण्यात ३० मिनिटं टिकतो. पुष्कळ स्पीकरवर आयपीएक्स ७ लिहिलेलं असतं, त्यातल्या एक्सचा अर्थ धुळीची परीक्षाच केली नाही. लोक फक्त पाण्याचं बघतात आणि आपल्याकडे तर धूळच जास्त.

कापूस वेचताना फोन ओटीत आणि स्पीकर धुऱ्यावर ठेवते, दहा मीटरपर्यंत तुटत नाही. पाठ फिरवली की मात्र खरखरतो, कारण मधात आपलंच शरीर येतं आणि ब्लूटूथची लहर अंगातलं पाणी शोषून घेतं. फोन स्पीकरच्या बाजूच्या खिशात ठेवला की नीट चालतो. संध्याकाळी सामुदायिक प्रार्थनेला पण हाच नेतो, खंजेरीचा ठोका आणि शब्द दोन्ही वेगवेगळे ऐकू येतात.

दारव्हा_रोड
ताई हसत नाई, पण प्रार्थनेले दहा बाया असन तर ठीक, पन्नास जमले का मागच्याले काय ऐकू येणार? अन् एक सांगतो सगळ्यायले, उन्हाळ्यात यातला कोणताच वावरात नाईतर ट्रॅक्टरच्या सीटवर ठेवू नका. ४५ च्या वर पारा गेला होता तवा माझ्या भाच्याचा असाच फुगला, मागचं कव्हर उचकटलं.

मेळघाट_पायथा
तुम्ही वॅटवर भांडून रायले, पण डुकराले चार दिवसात समजते का हा आवाज खोटा आहे. आमच्याकडे पाचव्या रात्री स्पीकरच्या बाजूलेच उकरलं होतं. माणूस पायजे वावरात, नाईतर झटका मशीन, म्हणजे धुऱ्यावरच्या तारेत हलका करंट सोडणारं. स्पीकरचे पैसे वाचवा अन् तार घ्या.

कास्तकार_पांढरकवडा
तुमचं खरं आहे, मी नाई म्हणत नाई. पण सगळ्या धुऱ्याले तार ओढाले माझ्याजवळ यंदा पैसे नाई अन् दोन महिने रोज रात्रभर जागाची ताकद बी नाई. म्हणूनच कार्डात वीस वेगवेगळे आवाज भरतो, रोज जागा बदलतो. फोनवर हे होत नाई, मधात कोणाचा कॉल आला का भुंकणं बंद अन् रिंगटोन सुरू.

वायरमन_वर्धा
मग असं करा, दोन आवाजांच्या मधात एकदम शांत ठेवू नका. हळू रातकिड्यांचा आवाज भरा, म्हणजे स्पीकरले वाटन काहीतरी चालू आहे आणि तो झोपणार नाही. पॉलिथिनमध्ये गुंडाळू नका, दव आतच धरते, वर नुसतं टोपलं पालथं घाला. तरी भोंग्याचा आवाज कमी करूनही लावता येतो हे माझं मत कायम आहे.

अकोटची_लेक
आणि दुकानात आत उभं राहून घेऊ नका दादा. तुमचं भरलेलं कार्ड घेऊन जा, स्पीकर दुकानाबाहेर ठेवायला लावा आणि रस्त्यानं शंभर पावलं चालत जाऊन ऐका.

कास्तकार_पांढरकवडा
मंगळवारी जातो बाजारात. कार्ड आजच भरतो, रातकिड्यायसकट.