एकाच शेतकऱ्याची दोन खाती कशी पडतात? (आणि 'रद्द करा' म्हणजे नेमकं काय रद्द?)

गणपतीपेठ_दिवाणजी

नमस्कार मंडळी. मी सांगलीत हळदीच्या अडत दुकानात दिवाणजी आहे, ३४ वर्षं झाली. रोजमेळ, खतावणी, पट्ट्या (शेतकऱ्याला द्यायचा मालाच्या हिशोबाचा कागद) सगळं १९९८ पासून कॉम्प्युटरवरच करतोय. तेव्हा 'काकांना जमत नसेल' हे उत्तर कृपया नको, ते आमच्या शेठच्या मुलानं आधीच दिलंय.

जुना प्रोग्राम फॉक्सप्रोतला. मिरजेच्या एका पोरानं आठवडाभर दुकानात बसून, सौदे बघून, हमालांना विचारून विचारून लिहिलेला. दिसायला अगदी दरिद्री. पण उजव्या हाताचे आकडे आणि एंटर, एवढ्यावर अख्खी पट्टी निघायची. २०१९ च्या पुरात पेठेत पाणी आलं, त्यात ते मशीन गेलं. डेटा पेनड्राइव्हवर माझ्या घरी होता म्हणून वाचला. शेठ म्हणाले, आता नवीनच घेऊ.

नवीन आलं. रंगीत. एंटर मारलं की पुढच्या रकान्यात जायचं सोडून पट्टी सेव्हच होते. पोती भरलेली, वजन शून्य, अशा पट्ट्या पहिल्या आठवड्यात ढिगानं निघाल्या. मालाची यादी वर्णानुक्रमे लावलीय, त्यामुळे हळद पार तळाला, हरभऱ्याच्या खाली आणि हुलग्याच्या वर. मी चिकटल्यापासून आमच्या दुकानात हुलग्याचं एक पोतं आलेलं नाही. कीबोर्डवर 'ह' दाबला तर ते हरभऱ्यावर जाऊन बसतं. सीझनला दिवसाला साठ-सत्तर पट्ट्या, आणि दर वेळी अक्रोडापासून खाली उतरायचं.

आता 'रद्द'चं ऐका. चुकलेली पट्टी रद्द करायला गेलो. चौकट आली: 'पट्टी रद्द करायची आहे का?' खाली दोन बटणं, 'ठीक आहे' आणि 'रद्द करा'. मला रद्दच करायची होती, म्हणून 'रद्द करा' दाबलं. चौकट गेली, मी निर्धास्त. तर पट्टी तशीच! रद्द झालं ते माझं रद्द करणं. संध्याकाळी रोजमेळ जुळेना म्हणून रात्री साडेनऊपर्यंत बसलो तेव्हा कळलं. कंपनीच्या पोराला फोन केला तर म्हणतो, "सर, ते सगळीकडे तसंच असतं."

हे सगळं मी गिळलं असतं. पण परवा जे झालं त्यासाठी हा धागा. कुऱ्हाडे आडनावाचा आमचा जुना शेतकरी आहे. त्यानं दिवाळीत २०,००० उचल नेलेली. माल आला, सौदा झाला, पट्टी करताना नाव टाकलं तर खातं सापडेना. गर्दी होती, पोरानं नवीन खातं उघडलं. हमाली, तोलाई, मोटारभाडं वजा केलं आणि रक्कम दिली. उचल कापलीच नाही, कारण ती दुसऱ्या खात्यावर! तिसऱ्या दिवशी तो माणूस आपल्या पायानं आला. म्हणाला, "दिवाणजी, माजी उचल कापायची ऱ्हायली की वो." तो आला म्हणून. उद्या दुसरा येईलच असं नाही.

आता दोन्ही खाती शेजारी शेजारी उघडली तर नाव अक्षरन् अक्षर सारखं. काना, मात्रा, वेलांटी, सगळं. भिंग लावून बघितलं, खोटं नाही सांगत. तरी एक शोधलं की दुसरं येत नाही. हे काय गौडबंगाल आहे?

अजिंक्यतारा_७७

दिवाणजी, तुमचं दुःख वाचून बरं वाटलं, म्हणजे मी एकटा नाही. साताऱ्यात पतसंस्थेत आहे. आमच्याकडे रकमेच्या चौकोनात कर्सर असताना माउसचं चाक फिरवलं की आकडाच बदलतो. खाली सरकायला चाक फिरवावं तर ५,००० चे ४,९९८. दोन रुपयांसाठी किती वेळा टॅली काढली विचारू नका. आता शिपायानं माउसच्या चाकावर चिकटपट्टी लावून दिलीय. तुमच्या कुऱ्हाड्यांचं मात्र मला काही सांगता येणार नाही.

स्मार्ट_उद्योजक

सॉफ्टवेअरला नावं ठेवण्यापेक्षा व्यवस्थित ट्रेनिंग घ्या. नाव शोधण्याऐवजी खाते क्रमांक वापरायची सवय लावली तर हा प्रश्नच येत नाही. बदल स्वीकारायला शिका.

गणपतीपेठ_दिवाणजी

@स्मार्ट_उद्योजक, ट्रेनिंग झालं. दोन तास. त्यातला दीड तास डॅशबोर्डवरचा गोल तक्ता दाखवण्यात गेला. राहिला खाते क्रमांक. डोक्यावर टॉवेल बांधून ट्रॅक्टरमधनं उतरलेला माणूस 'मी ००४१७' असं सांगत नाही हो. तो आडनाव सांगतो, गाव सांगतो, आणि 'थोरल्याचं का धाकट्याचं' ते सांगतो.

कोयनाकाठचा_कोडर

काका, मी मूळचा कऱ्हाडचा, त्यामुळे हा आजार माझ्या घरचाच आहे. तुमचं भिंग बरोबर सांगतंय, नावं दिसायला सारखीच आहेत. पण कॉम्प्युटर आकार बघत नाही, आतले क्रमांक बघतो.

'ऱ्हा' मधला तो आडवा अर्धा र आहे ना, तो युनिकोडमध्ये (म्हणजे प्रत्येक अक्षराला ठरलेला क्रमांक देणाऱ्या पद्धतीत) दोन तऱ्हांनी लिहिता येतो. एक, नुक्ता (खालचा टिंब) असलेला ऱ आणि हलंत (अक्षराचा पाय मोडायचं चिन्ह). इन्स्क्रिप्ट कीबोर्डवर शिफ्ट धरून 'जे' दाबलं की हा ऱ येतो. दुसरी तऱ्हा, साधा र, हलंत आणि त्यापुढे एक न दिसणारं जोडचिन्ह, ज्याला झीरो विड्थ जॉइनर म्हणतात. पडद्यावर दोन्ही हुबेहूब. आत एकात दोन चिन्हं, दुसऱ्यात तीन.

माझा अंदाज सांगतो. तुमच्या फॉक्सप्रोत नावं जुन्या फॉन्टात असणार. त्या फॉन्टांत इंग्रजी अक्षरांच्याच जागी मराठी आकार बसवलेले असायचे. डेटा नव्यात आणताना कुणीतरी कन्व्हर्टर चालवला, त्यानं तीन चिन्हांचा र दिला. आता दुकानातला पोरगा टाइप करतो तो दोन चिन्हांचा. म्हणून जुनं खातं सापडत नाही.

पडताळा करा. दोन्ही नावं यादीतून कॉपी करून (टाइप करून नव्हे) एक्सेलमध्ये ठेवा आणि शेजारी 'लेन' हे सूत्र लावा, ते अक्षरं मोजतं. नुसतं 'कुऱ्हाडे' एवढंच घेतलं तर एकाला ८ आणि दुसऱ्याला ९ यायला हवेत. शेवटी चुकून स्पेस राहिली तरी आकडा वाढतो, तेवढं बघा.

कंपनीला सांगायचं ते असं: तीन चिन्हांचा र सगळीकडे दोन चिन्हांचा करून टाका, आणि इथून पुढे सेव्ह करताना आणि शोधतानाही तेच करा. 'आम्ही नॉर्मलायझेशन करतो' (एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एकसारखी करणं) म्हणतील, तर ते पुरत नाही म्हणा. युनिकोडच्या नेहमीच्या नॉर्मलायझेशननं ही दोन रूपं एक होत नाहीत, वेगळी ओळ लिहावी लागते.

आणि 'रद्द करा'बद्दल आमच्या जमातीतर्फे माफी. इंग्रजी चौकट आधी बनते, मग कुणीतरी शब्दांची यादी घेऊन एकेक शब्द मराठी करत जातो. कुठला शब्द कुठल्या बटणावर बसणार हे त्याला दाखवतच नाहीत. तिथं 'पट्टी काढून टाका' आणि 'राहू दे' एवढं लिहिलं असतं तरी भागलं असतं.

अजिंक्यतारा_७७

आयला, म्हणजे आमच्याकडे गोऱ्हे नावाचे एक सभासद दर वार्षिक सभेच्या यादीत दोनदा येतात, ते हेच! आम्ही त्यांना दोनदा भेटवस्तू दिलीय.

गणपतीपेठ_दिवाणजी

कोडरसाहेब, तुमच्या तोंडात साखर. आठ आणि नऊ! आज दुकान बंद झाल्यावर भाच्याला बसवून अख्खी यादी तपासली. अशी ११ माणसं निघाली. चौघांच्या उचली जुन्या खात्यावर तशाच पडून होत्या, त्यातल्या दोघांना पूर्ण रक्कम देऊन बसलोय. उद्या फोन लावतो. कसं सांगायचं ते बघतो, 'तुमच्या नावात न दिसणारं एक चिन्ह आहे' म्हणालो तर मलाच औषध सांगतील.

कंपनीच्या पोराला तुमचं उत्तर जसंच्या तसं पाठवलं. 'वरच्या टीमला कळवतो' म्हणालाय. एंटरचंही कळवतो म्हणाला. हळद वर आणायचं मात्र त्यानं लगेच करून दिलं, फोनवरच. मालाचं नाव बदलून 'अ हळद' केलं. झाली यादीत पहिली, अक्रोडाच्याही वर. मी खूश.

आज दुपारी पट्ट्या छापल्या तेव्हा लक्षात आलं की कागदावरही 'अ हळद' येतंय. तासगावकडचे एक जण पट्टी घेऊन परत आले आणि काउंटरवर ठेवून म्हणाले, "माल अ लिवलाय, आणि दर ब चा लावलाय व्हय?"