सायकलच्या डाव्या पायडलचे उलटे आटे
छर्‍यांच्या (बेअरिंगमधल्या गोळ्यांच्या) घर्षणानं पायडल घट्ट होतं, असं काही जण सांगतात, ते पटत नाही. घर्षण उलट सैलच करतं, म्हणून तर छर्रे अडकले की पायडल आपोआप सुटून येतं. घट्ट होतं ते वेगळ्या कारणानं. आट्यांत केसाएवढी फट असते आणि क्रँक (पायडल ज्याला बसतं तो दांडा) फिरताना पायाचा दाब तिच्या भोकाच्या कडेनं फिरत राहतो. त्यामुळे एक्सल (पायडलचा आस) भोकात किंचित लोळतो, उजवा सुलटा म्हणजे घड्याळाच्या काट्यांच्या दिशेनं, डावा उलटा. डाव्याला उलटे आटे त्यासाठीच, म्हणजे लोळताना तोही घट्टच होतो.

बसवताना आट्यांना ग्रीस लावा आणि पहिले तीन-चार फेरे हातानंच द्या. पाना लगेच लावला आणि आटे तिरके धरले तर अ‍ॅल्युमिनियमची क्रँक कायमची गेली. काढताना १५ मिमीचा पाना वर उभा धरून मागच्या चाकाकडे ओढा, दोन्ही बाजूंना हेच.