अंड, अंडे आणि अंडीपिल्ली

‘अंडे’ लिहा किंवा ‘अंडं’ बोला, अनेकवचन ‘अंडी’च. पण शेवटचा एकार काढून नुसते ‘अंड’ म्हटले की अर्थ पालटतो. संस्कृत ‘अण्ड’ शब्दाला पक्ष्याचे अंडे आणि पुरुषाचे वृषण असे दोन्ही अर्थ आहेत. मराठीने त्यांची वाटणी केली: ‘अंडे’ कोंबडीकडे गेले, ‘अंड’ शरीराकडे राहिले. म्हणून अंडकोश, अंडवृद्धी हे शब्द पुरुषाच्या बाबतीत आणि अंडाशय मात्र स्त्रीच्या! आरोग्यविषयक लेखनात ‘वृषण’ आणि ‘स्त्रीबीज’ असे स्वच्छ शब्द वापरावेत, असे माझे ठाम मत आहे.

खरी श्रीमंती समासांत आहे. ब्रह्मांड म्हणजे ब्रह्म्याचे अंडे. मनुस्मृतीच्या पहिल्या अध्यायात पाण्यावर सोनेरी अंडे तयार होते, त्यातून ब्रह्मा जन्मतो आणि त्याच अंड्याच्या दोन शकलांचे आकाश आणि पृथ्वी होते. असह्य कळ आली की आपण ‘ब्रह्मांड आठवलं’ म्हणतो, तेव्हा तोंडी हेच अंडे असते. मार्तंड त्याहून विलक्षण. मूळ रूप मार्ताण्ड, म्हणजे ‘मृत अंडापासून झालेला’. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात अदितीच्या आठ मुलांपैकी तिने दूर टाकलेला तो हा. पुढे हेच सूर्याचे नाव झाले आणि ‘मल्हारी मार्तंड’ म्हणून ते आपल्या ओठांवर आहे. त्यात अंडे दडले आहे हे कळल्यावर मला फार आनंद झाला होता.

अंडज म्हणजे पक्षी, साप, मासे. पक्ष्याला द्विजही म्हणतात: एकदा अंड्याच्या रूपाने जन्म, दुसऱ्यांदा कवच फोडून.

‘अंडीपिल्ली’ नेहमी अनेकवचनीच. ‘त्याची सगळी अंडीपिल्ली मला ठाऊक आहेत’ म्हणजे आतल्या गोष्टी, लपवलेल्यासुद्धा. घरट्यातले सगळे माहीत असणे, हा त्यातला भाव. ‘घरात बसून अंडी उबवतोस का?’ हा रिकामटेकड्याला टोमणा. प्रत्यक्षात उबवणे हे किती चिकाटीचे काम!

इंग्रजी क्रिकेटमध्ये शून्याला बदकाचे अंडे म्हटले गेले. मराठीने मात्र भोपळा निवडला.

आणि काही अंड्यांना आपण अंडी म्हणतच नाही. उवेचे अंडे म्हणजे लीख, माशाच्या पोटातली गाबोळी. अशी स्वतंत्र नावे तुमच्या बोलीत आणखी कोणती आहेत?