मदत हवी आहे: हुराकान आणि टेमेरारिओची तुलना नेमकी कशी मांडायची?

नमस्कार मंडळी. माझा भाचा नेरुळला डिप्लोमा मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रोजेक्टसाठी त्याने लॅम्बोर्गिनीच्या हुराकान ईव्हो आणि टेमेरारिओ या दोन गाड्या घेतल्यात. पाम बीच रोडवर सिग्नल सुटताना एक पिवळी हुराकान शेजारून गेली, तो आवाज थेट छातीत जाणवला. तेव्हापासून पोराला दुसरं काही सुचत नाही.

आकडे जमवलेत. हुराकान ईव्होला ५.२ लिटरचं व्ही१० (दहा सिलिंडरचं) इंजिन, टर्बो (जादा हवा कोंबून ताकद वाढवणारा पंखा) नाही, ६४० अश्वशक्ती. टेमेरारिओला ४ लिटरचं व्ही८, दोन टर्बो आणि तीन इलेक्ट्रिक मोटर, मिळून ९२० अश्वशक्ती. पण कोरडं वजन (इंधन, तेल वगैरे न भरता) १,४२२ किलोवरून १,६९० किलोवर गेलंय, आणि मला तेच सगळ्यात महत्त्वाचं वाटतं.

गाडी अडलीय ती इथे. अश्वशक्ती भागिले वजन एवढं पुरे, की पुढच्या चाकांच्या दोन मोटरींचा वळणावरचा फायदाही हिशोबात धरायचा? धरला तर आलेखात कसा दाखवायचा? हायब्रिडवर काम केलेलं कुणी ठाणे-नवी मुंबईत असेल तर प्लीज कळवा, आम्ही दोघं येऊन भेटू. रिपोर्ट पुढच्या शनिवारी द्यायचाय.